हजेरीवरचे नाव

पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेली ती बाई आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, साड्यांच्या बाजारातल्या मोठमोठ्या फसवणुकी पाहिल्या. त्यातल्या पुष्कळ केसेस आता आठवणीत एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. डांबरकामाची ही केस मात्र तशी मिसळली नाही. यात कुणाचेही नाव मी लिहिणार नाही, कारण त्यातली बरीच माणसे अजून सुरतेतच राहतात, आणि त्यातली काही मला भाजीबाजारात भेटतात.

मी तेव्हा शहराच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. निवृत्ती दिसू लागली होती. माझे सगळे आयुष्य या शहरात गेले. वडील खानदेशातून आले आणि पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागले. त्यांच्या नखांतला रंग रविवारीसुद्धा जात नसे. आम्ही डिंडोलीत वाढलो. घरात अहिराणी, गल्लीत मराठी, शाळेत आणि पुढे नोकरीत गुजराती. ठाण्यात मी इतकी वर्षे गुजरातीत लिहिले की सही सोडली तर मराठी अक्षर विसरायला झाले होते. पण ती भाषा आत कुठेतरी शाबूत होती, आणि या केसमध्ये तीच कामाला आली.

ठाण्याची सकाळ मला अजून फार आठवते. हजेरी घेतली, रात्रपाळीच्या नोंदी वाचल्या, लॉकअपमधल्या माणसांना चहा गेला की मी बाहेरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसत असे. आमचे जमादार, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, सौराष्ट्रातले होते. अंगाने भरदार, बोलायला हळू. त्या सकाळी ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, आ बेन क्यारनी बेठी छे. अंदर आवती नथी."

पायरीच्या कडेला खरेच एक बाई केव्हाची बसली होती. पायांना डांबराचे काळे डाग, डोक्यावरून पदर. टेबलावरच्या अंमलदाराशी ती तुटक्या हिंदीत बोलून बाहेर आली होती, कारण त्याला तिचे आणि तिला त्याचे नीट कळत नव्हते. मी जवळ जाऊन अहिराणीत विचारले, "बाई, तुमनं गाव कोणतं?"

तिने चटकन वर पाहिले. गाव सांगितले. माझ्या आईच्या माहेरापासून ते फार लांब नव्हते.

"साहेब, पोऱ्यासना बाप घर उना नही," ती म्हणाली. "दोन-तीन दिन व्हई गयात. कोनी काहीच सांगत नही."

मुलांचा बाप, म्हणजे तिचा नवरा, कामावरून परत आला नव्हता. मी त्याचे नाव विचारले. पुन्हा विचारले तेव्हा तिने पिशवीतून त्याचे मतदान कार्ड काढून माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "हाऊ देखा." आमच्याकडच्या बायका नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाहीत. माझ्या आईनेही कधी घेतले नाही. मी कार्डावरून नाव उतरवून घेतले आणि बेपत्ता माणसाची नोंद करायला सांगितले.

नवराबायको दोघेही पर्वत पाटियाच्या बाजूला चाललेल्या रस्त्याच्या कामावर होते. सरकारी पैशाचे काम, पावसाळ्याच्या आत रस्ता उरकायची घाई. कंत्राट एका मोठ्या ठेकेदाराचे. त्याने ते दुसऱ्याला दिलेले. आणि माणसे आणली होती एका मुकादमाने, खानदेशातून आणि थोडी विदर्भातून. बाई खडी वाहायची, नवरा डांबराच्या बॉयलरपाशी असायचा. त्या दिवशी तिला ताप होता म्हणून ती झोपडीवरच राहिली. संध्याकाळी सगळे परतले, तो परतला नाही. मोबाईल बंद.

मी जमादारांना घेऊन कामावर गेलो. ठेकेदाराचा सुपरवायझर तिथे छत्री धरून उभा होता. तरतरीत माणूस, उत्तरे तयार.

"इस नाम का कोई आदमी हमारे यहाँ नहीं है, साहब," तो म्हणाला आणि हजेरीपट पुढे केला. खरेच, त्या नावाचा कुणी त्यात नव्हता.

"ती बाई सांगते, ती स्वतः इथं काम करते."

"औरतें तो आती-जाती रहती हैं. किसका आदमी कौन, हमको क्या मालूम."

मी मजुरांकडे वळलो. फावडी थांबली होती. एकेकाला विचारले. सगळ्यांचे उत्तर एकच, शब्दही तेच: माहीत नाही, आम्ही त्या बाजूला नव्हतो. वर्दीतल्या अनुभवावरून सांगतो, खरे बोलणारी माणसे थोडी थोडी वेगळी बोलतात. कुणी म्हणतो सकाळी पाहिला होता, कुणी म्हणतो दुपारी. सगळे अक्षरशः तेच बोलू लागले की ते बोलणे कुणीतरी वाटून दिलेले असते.

आम्ही नेहमीची सगळी कामे केली. दवाखान्यांत त्या नावाने चौकशी केली, कुठेच नाही. रेल्वे पोलिसांना फोटो पाठवला. खाडीच्या कडेने माणसे फिरवली. एक बेवारस प्रेत सापडल्याचे कळले तेव्हा जमादार स्वतः शवागारात जाऊन आले. परत आले ते थेट त्या बाईकडे गेले आणि नुसती मान हलवली. नाही, तो नाही. ती पायरीवर बसल्या बसल्या रडली. रोज सकाळी ती येऊन बसत असे, आणि जमादारांच्या घरून येणाऱ्या डब्यात आता एक भाकरी जास्त येऊ लागली होती. मी कधी त्याबद्दल बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

माझ्या मनात एव्हाना वाईट शंका होती. माणूस मेला आहे आणि कुठेतरी पुरला आहे असेच मी धरून चाललो होतो.

खबर आली ती चहाच्या लारीवरून. कामाजवळ एक मराठवाड्याचा माणूस चहा-नाश्त्याची गाडी लावत असे. एका दुपारी मी जीपमधून उतरून पायी निघालो होतो, तर तो माझ्या बरोबरीने चालू लागला. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत बोलला.

"साहेब, मी सांगितलं म्हणू नका. माझी गाडी तिथंच लागते, मला रोज तिथंच उभं राहायचंय."

"बोला."

"त्या दिवशी बॉयलरची तोटी फुटली. डांबर त्या माणसाच्या अंगावर आलं. लई वरडला. मग पांढऱ्या गाडीत घालून नेलं त्याला. जित्ता होता. मुकादम बसला होता संगं."

एवढे बोलून तो वळून गेला. जित्ता होता, हा शब्द मात्र मी ठाण्यापर्यंत मनात धरून आणला.

मुकादमाला बोलावले. पन्नाशीचा, सुकलेला, डोक्याला रुमाल. स्वतः एके काळी रस्त्यावर खडी फोडलेला माणूस, हे त्याच्या हातांवरून कळत होते. मारहाण मी नोकरीत फारशी केली नाही. ते चांगुलपणापेक्षा अनुभवाने शिकलो होतो: मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवे ते सांगतो, घडलेले सांगत नाही. मी जमादारांना दाराबाहेर बसवले, दोन चहा मागवले आणि त्याला गावाकडचे विचारू लागलो. पाऊसपाणी, घरची माणसे, किती वर्षांपासून टोळी आणतो. गुन्ह्याबद्दल एक शब्द नाही. माणूस आपल्या कामाबद्दल बोलू लागला की त्याला थांबणे कठीण जाते.

तो बोलू लागला. दिवाळीनंतर गावात जाऊन मजुरांना उचल द्यायची, म्हणजे आगाऊ रक्कम. मग ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. मधेच सोडून गेला तर झालेली मजुरीही बुडाली. सरकारी दर ठरलेला असतो, बाईला आणि पुरुषाला सारखाच, आणि तो बँकेतच जमा करायचा असतो.

"मग जमा होतो का?" मी विचारले.

"होतो ना, साहेब. पण दुसऱ्याच्या खात्यात."

"कोणाच्या?"

"इथलीच माणसं. कार्ड देतात, खातं देतात. हजेरी त्यांच्या नावावर लागते. पैसे ठेकेदाराचा माणूस काढून घेतो, त्यांना थोडा वाटा देतो. आमच्या माणसांना हातात जे पडेल ते. बायांना त्याहून कमी."

"आणि अंगावर डांबर पडलं तर?"

त्याने कप खाली ठेवला.

"तो माणूस कुठं आहे?" मी विचारले.

"साहेब, कोणत्या नावानं सांगू?"

मला कळले नाही. मी तसे म्हणालो.

"खऱ्या नावानं विचाराल तर तो कुठंच नाही," मुकादम म्हणाला. "दवाखान्यात आहे. पण हजेरीवर ज्याचं नाव आहे, त्याच्या नावानं."

मग त्याने सगळे सांगितले. अपघात झाल्यावर सुपरवायझर म्हणाला, याला गाडीत घालून गावाला सोडून ये. मुकादम म्हणाला, वाटेतच मरेल. दोघांची जुंपली. शेवटी सुपरवायझरने मार्ग काढला. विम्याचे कार्ड कागदावरच्या माणसाचे होते. तेच घेऊन एका खासगी दवाखान्यात दाखल करायचे, घरी उकळते तेल अंगावर पडले म्हणून सांगायचे. बायकोला कळवायचे नाही, कारण ती तिथे येऊन रडली तर नाव फुटेल.

"आणि तो मेला असता तर?" मी विचारले.

"तर त्या नावानंच जाळला असता," तो म्हणाला आणि रुमालाने तोंड पुसले. "मी रोज जाऊन बघून येत होतो, साहेब. तिला सांगायची हिंमत नाही झाली."

दवाखान्याकडून पोलिसांना कळवले गेलेच होते, पण ते दवाखाना ज्या ठाण्याच्या हद्दीत होता तिथे. फोन केला. भाजलेला इसम, गरम तेल, घरगुती अपघात, राहणार पांडेसरा. नाव अर्थातच वेगळे. आम्ही एका नावाचा माणूस शोधत होतो आणि तो दुसऱ्या नावाने चार रस्ते पलीकडे पडला होता.

पांडेसऱ्याचा तो पत्ता वाटेवरच होता. दोन खोल्यांचे घर होते. दार ज्याने उघडले तो बनियनवर होता, हातात अर्धा घास. मी दवाखान्यातल्या रुग्णाचे नाव घेतले आणि विचारले, "हे कुठं भेटतील?"

"मीच आहे. काय काम होतं?"

"तुम्ही भाजून दवाखान्यात पडला आहात, असं आमच्याकडे लिहिलंय."

त्याचा हात तसाच राहिला. मग तो घाईघाईने बोलू लागला. "साहेब, मी फक्त कार्ड दिलंय. एका ओळखीच्यानं मागितलं. बाकी मला काही माहीत नाही. मी तर रोज मिलमध्ये कामाला जातो."

त्याच्यामागे त्याची बायको उभी होती. तिला त्याच्याआधी समजले. "म्हणजे तिकडं तो माणूस मेला असता तर यांच्या नावाचा दाखला निघाला असता?" तिने विचारले. मी हो म्हणालो.

त्याला एका शिपायाबरोबर ठाण्यात पाठवले, आणि जमादारांना त्या बाईला आणायला सांगितले.

माझ्या नोकरीतली सगळ्यात अवघड चौकशी मी त्या दवाखान्यात केली, आणि ज्याची केली त्याने काहीही गुन्हा केलेला नव्हता. छातीपासून दोन्ही हातांपर्यंत पट्ट्या, मान एका बाजूला, पण शुद्धीवर होता. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या. तरुण होत्या. मला आधीच म्हणाल्या होत्या, "हे तेल नाही, हे मी पहिल्या दिवशीच लिहिलं आहे. पण तो स्वतः तेलच म्हणतो."

मी नाव विचारले. त्याने पांडेसऱ्याच्या माणसाचे नाव सांगितले. बापाचे नाव, पत्ता, सगळे त्याचेच. पाठ केलेले होते. मी अहिराणीत बोललो, तो हिंदीत उत्तर देत राहिला. मी त्याचे खरे नाव घेतले. पापणी हलली, पण तो म्हणाला, "मैं नहीं जानता."

तेवढ्यात जमादार बाईला घेऊन आले. ती पलंगापाशी थांबली. इतके दिवस ती रडत होती, आता रडली नाही. नुसती बघत राहिली. त्याने तिला पाहिले आणि तोंड भिंतीकडे वळवले.

"यांना ओळखता?" मी विचारले.

"नहीं," तो म्हणाला.

मला वाटले ती आता कोसळेल. पण तिने पदर सारखा केला आणि त्याचे नाव घेतले. त्याचे, त्याच्या बापाचे आणि आडनाव, अगदी सावकाश, शाळेत हजेरी घेतात तसे. मग पुन्हा एकदा घेतले.

भिंतीकडे तोंड ठेवूनच तो अहिराणीत म्हणाला, "बोलू नको, येडी. औषध बंद करतीन."

एवढीच भीती होती. खरे नाव सांगितले तर विमा नाही, विमा नाही तर इलाज नाही, आणि उचल बायकोकडून वसूल करू, असे सुपरवायझरने त्याला सांगितले होते. डॉक्टरीणबाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूने पुढे झाल्या, म्हणजे त्याला त्यांचा चेहरा दिसेल. "तुझं नाव काहीही असो," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी तुझी पट्टी मीच बदलणार आहे." मी हे त्याला त्याच्या भाषेत पुन्हा सांगितले. तेव्हा कुठे त्याने मान वळवली.

कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना बोलावून त्याचा जबाब नव्याने घेतला. पहिल्या ओळीत त्याचे स्वतःचे नाव आले. लिहिणाऱ्याला ते नीट ऐकू आले नाही, म्हणून त्याला दोनदा सांगावे लागले. दुसऱ्यांदा त्याने ते जरा मोठ्याने सांगितले.

पुढचे सगळे मनासारखे झाले असे म्हणणार नाही. सुपरवायझर नातेवाइकाकडे लपला होता, त्याला पकडले. ठेकेदाराला लवकर जामीन मिळाला. मजूर खात्याचे अधिकारी कामावर आले, झाडाखाली टेबल मांडून प्रत्येकाचे नाव लिहून घेतले, आणि पुढच्या पगारापासून बायांना आणि पुरुषांना सारखी मजुरी मिळू लागली. पण पुढच्या कामावर त्यातल्या कित्येकांना घेतले गेले नाही, हेही खरे आहे. मुकादम साक्षीदार झाला आणि त्या धंद्यातून कायमचा उठला. गावी जाऊन शेळ्या पाळतो असे ऐकतो. भाजलेला माणूस वाचला. उजव्या हाताची बोटे पूर्ण मिटत नाहीत. भरपाई मिळाली, उशिरा मिळाली. त्या पैशातून नवराबायकोने डिंडोलीत पिठाची गिरणी घातली.

जमादार निवृत्त होऊन सौराष्ट्रात गेले. सणाला फोन येतो. पहिला प्रश्न अजून तोच असतो, "पेला बेन मजामां?" ती बाई बरी आहे ना. मी सांगतो, बरी आहे.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीसाठी कोर्टात गेलो. बाहेरच्या बाकावर ते नवराबायको बसले होते, आणि दुसऱ्या टोकाला तो पांडेसऱ्याचा कार्ड देणारा. तो खाली बघत होता. आतून पट्टेवाल्याने पुकारा केला, तो पांडेसऱ्याच्या माणसाच्या नावाचा. आणि भाजलेला माणूस उठून उभा राहिला. सवयीने. कामावर इतके महिने त्याला त्याच नावाने हाक मारली होती. बायकोने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवले. तो ओशाळून हसला. पलीकडचा माणूस मात्र लगेच उठला नाही. त्याला पुन्हा पुकारावे लागले.

पोलीस म्हणून मी आयुष्यभर माणसांची नावे विचारली. नाव म्हणजे फॉर्मवरचा पहिला रकाना, असेच मला वाटत असे. कोर्टातली ती दुपार पाहिल्यावर तसे वाटेनासे झाले. माणसाकडून कमी मजुरीत काम करून घेता येते, त्याला मधेच सोडून जाता येणार नाही अशी व्यवस्था करता येते. पण हे सगळे बिनबोभाट चालायचे असेल तर आधी त्याला दुसरे कुणीतरी करावे लागते. हे मला कुठल्या कायद्याच्या पुस्तकात सापडले नव्हते.

आता सकाळी फिरायला जातो तेव्हा कुठे रस्त्याचे काम चालू दिसले तर थांबतो. नातवंडे कंटाळतात, गुजरातीत म्हणतात, आजोबा चला ना. मी काम करणाऱ्यांना गाव विचारतो, मग नाव. काही जण आधी सुपरवायझरकडे बघतात. मी थांबून राहतो. मला आता कुठे घाईने पोचायचे नसते.